व्हय म्हाराजा म्हणण्याआधी

तुमचा उजवा हात थरथरतोय. डाव्या हाताने तो मांडीवर दाबून धरलाय, तरी अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासत राहतात, आजी वाती वळायची तसे. साल २०७७. खिडकीबाहेर दांडीचा किनारा, त्यापलीकडे पाण्यात सिंधुदुर्ग. तुम्ही एकसष्ट वर्षांचे आहात. जन्मभर मासेमारी केलीत, पावसाळ्यात घरी बसून जाळी विणलीत. गेली तीन वर्षं मात्र सुई जाळ्यातून पार होत नाही. चहा बशीत सांडतो. चारचौघांत पंगतीला बसणं तुम्ही सोडून दिलंय.

समोरची डॉक्टर तुमच्या मुलीच्या वयाची आहे. "काका, उद्या सकाळी चिप बसवली की परवा तुम्ही जाळं विणाल," ती म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. चिप कंप थांबवते. शिवाय झोप मोजते, औषधाची वेळ सांगते, बँकेचं काम मनातल्या मनात उरकते आणि संध्याकाळी नातवाबरोबर डोळे मिटून खेळही खेळू देते. पडद्यावर करार उघडलाय. तो वर सरकवत नेला तरी संपत नाही. अगदी खाली एक हिरवी चौकट आहे आणि तिच्यात एकच शब्द : मान्य.

मागून मुलगी म्हणते, "बाबा, दाब मरे. सगळे दाबतत."

हा खेळ अजून कुणी बनवलेला नाही. तो मी इथे मांडतोय, आणि त्याचं साल मी उसनं घेतलंय. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने १० डिसेंबर २०२० रोजी 'सायबरपंक २०७७' नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. त्याच्या दुनियेत बहुतेकांच्या अंगात यंत्रं असतात. शत्रूला गोळी घालायचीही गरज नसते. जाळ्यातून त्याच्या यंत्रात शिरायचं, की तो आंधळा होतो, त्याचं शस्त्र बंद पडतं, नाहीतर तो जागीच कोसळतो. नायकाच्या डोक्यातल्या चिपमध्ये एका मेलेल्या माणसाचं अख्खं मन साठवलेलं असतं, आणि ते हळूहळू नायकाची जागा घेऊ लागतं. त्या गेमचं शहर कॅलिफोर्नियात आहे. आपलं मालवणात.

माझ्या खेळाचा नियम एवढाच : बोट हिरव्या चौकटीजवळ नेलंत की काळ मागे उलगडतो. मागे जे दिसेल ते हातात धरून आणता येणार नाही. डोक्यात जेवढं राहील तेवढंच तुमचं.

बोट पुढे करा.

कानात आधी छिन्नीचा आवाज येतो. मग चुन्याचा वास. तुम्ही कुरटे बेटावर आहात, डोक्यावर पाटी आहे आणि हात, आश्चर्य म्हणजे, स्थिर आहे. किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी २५ नोव्हेंबर १६६४ ला पूजा होऊन काम सुरू झालं. ते आणखी तीन वर्षं चालायचंय. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तट वर चढतोय. पायात शिसं ओतलं जातंय, कारण इथे शत्रूच्या आधी लाट येते. बेटाचे जवळजवळ ४८ एकर या नागमोडी तटाच्या आत येणार आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. रांजणातलं पाणी पिताना तुम्हाला ते खरं वाटत नाही.

तुम्ही दरवाजा शोधता. होडीतून तटासमोर येता आणि दगडाशिवाय काही दिसत नाही. होडीवाल्याला विचारता, "दरवाजो खंय आसा?"

"थंयच आसा," तो वल्हं न थांबवता सांगतो. "जवळ गेल्याशिवाय दिसाचो नाय."

होडी बुरुजाला भिडते की काय असं वाटतं, आणि ती अलगद वळते. दोन बुरुज एकमेकांना कवेत घेतल्यासारखे वळलेले आहेत आणि त्यांच्या आड दार आहे. समुद्रावरून तोफ डागणाऱ्याला ते सापडत नाही, आणि दारापर्यंत येणाऱ्याच्या डोक्यावर दोन्हीकडून तट उभा असतो. आजही पर्यटक या वळणावर होडीत उठून उभे राहतात आणि होडीवाला त्यांना खाली बसवतो. आत शिरल्यावर चुन्यात उमटलेला हाताचा आणि पायाचा ठसा शिवाजी महाराजांचा म्हणून दाखवतात. साडेतीनशे वर्षं लोक त्याच्यापुढे हात जोडतात. ठशाचं काम तेवढंच राहिलं, त्याने कुणाचं कुलूप उघडत नाही.

पण तुम्ही दर्यावर्दी आहात. तुमची नजर दारावर न राहता पाण्यावर जाते. किनारा आणि बेट यांच्यामध्ये पाण्याखाली खडपं आहेत. भरतीला ती झाकतात, सुकतीला टोकं दाखवतात, आणि परक्या जहाजाचा तळ फाडायला त्यातलं एक पुरे. होडीवाला मात्र बोलता बोलता त्यांच्यामधून वाट काढतो.

"खडपां खंय खंय आसत?" तुम्ही विचारता.

तो पहिल्यांदाच तुमच्याकडे नीट बघतो. "ता सांगूचा नसता."

इथे क्षणभर थांबा, कारण पुढचं सगळं या एका माणसावर उभं आहे. तट दगडाचा आहे, पण किल्ल्याची किल्ली या होडीवाल्याच्या डोक्यात आहे. ती कुठे लिहिलेली नाही. बापाने मुलाला पाण्यात नेऊन दाखवली, मुलाने डोळ्यांत साठवली. शत्रू त्याला पकडेल, आमिष दाखवेल, मारहाण करील. तरीही तो गप्प बसू शकतो. माणसाचं मिटलेलं तोंड हा सिंधुदुर्गाचा सगळ्यात आतला तट आहे.

पुढचा मुक्काम छोटा आहे. साल १८१२. तुम्ही त्याच तटावर उभे आहात आणि तोफेचा आवाज कुठेच नाही. मधल्या काळात, १७६५ मध्ये, इंग्रजांनी हा किल्ला एकदा घेतला होता. त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं. तो ठेवणं परवडेना तेव्हा ३,८२,८९६ रुपयांच्या बोलीवर कोल्हापूरच्या करवीरकरांना परतही दिला. आता १८१२ च्या करवीरच्या तहाने मालवण पुन्हा इंग्रजांकडे जातंय, या वेळी एका कलमाने. दांडीवरच्या होडीवाल्याला कुणी विचारलेलं नाही. कागद कोल्हापूरकडून आला, तो झोपेत असताना. खडपं होती तिथेच राहिली आणि त्यांच्यामधली वाट दुसऱ्याची झाली.

हा मुक्काम मी मुद्दाम ठेवला. दगडी तट, लपवलेलं दार, पाण्यातली खडपं, सगळं शाबूत असताना किल्ला सहीने जातो.

तिसऱ्यांदा डोळे उघडता तेव्हा खोलीत पंखा फिरतोय आणि भिंती सरकारी रंगाच्या आहेत. मुंबईची न्यायवैद्यक प्रयोगशाळा. खुर्चीत एक तरुणी बसली आहे. ती पुण्यात व्यवस्थापनशास्त्र शिकणारी विद्यार्थिनी आहे आणि तिच्यावर आधीच्या नियोजित वराला विष दिल्याचा आरोप आहे. तुम्हाला मी तिच्या जागी बसवत नाही. ती खुर्ची खऱ्या माणसाची आहे. तुम्ही कोपऱ्यात उभे राहा.

तिच्या डोक्यावर टोपी चढवली आहे आणि टोपीत ३२ इलेक्ट्रोड आहेत. कवटीला भोक नाही, सुई नाही, काही दुखत नाही. समोर वाक्यं ऐकवली जातात आणि ती सगळी प्रथमपुरुषी आहेत. मी विष विकत घेतलं. मी त्याला भेटले. मध्येच एखादं साधं वाक्य : आकाश निळं आहे. तिने काही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. उत्तर मेंदूने द्यायचं, विजेच्या लहरींत, आणि ते वाचायचं यंत्राने.

या चाचणीचं नाव ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर, बीईओएस. ती चंपाडी रामन मुकुंदन या भारतीय मेंदूशास्त्रज्ञाने विकसित केली. एखादी गोष्ट माणसाने नुसती ऐकलीय की स्वतः अनुभवलीय, एवढा फरक लहरींवरून कळतो, असा तिचा दावा. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्या तरुणीला जन्मठेप दिली. निकालात इतर पुरावे होते आणि ही चाचणीही होती. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली, कारण मेंदूच्या अशा चाचणीवर भिस्त ठेवून खुनाची शिक्षा झाल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्सचे संचालक डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या तंत्राला शास्त्रीय आधार पुरेसा नाही असं म्हटलं होतं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामीन दिला.

तिने चाचणीला होकार दिला होता, असं तेव्हा छापून आलं. या होकारापाशी मी दरवेळी अडखळतो. पोलीस तपासाच्या छायेत बसलेल्या माणसाचा होकार तो केवढा? 'नाही' म्हटलं असतं तर तेच संशयाचं कारण झालं असतं. होडीवाल्याकडे मिटलेलं तोंड होतं. या खुर्चीत तोंड मिटून काही उपयोग नव्हता, प्रश्न तोंडाला विचारलाच नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० ला, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, हे दार लावलं. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युत चाचण्या कुणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. गप्प राहण्याचा हक्क फक्त जिभेचा नाही, मनाचाही आहे, असा त्या निकालाचा अर्थ मी घेतो. आपल्या देशाने ही गोष्ट २०१० मध्येच कायद्यात बोलून दाखवली, आणि ज्या चाचण्यांवरून हा वाद होता त्यांतली एक महाराष्ट्रातल्या या खुर्चीत झाली होती. मराठी माणसाला हे ठाऊक असायला हवं.

पोलिसांसाठी दार लागलं. खेळासाठी?

तुम्ही आता २०१२ मध्ये आहात. ऑक्सफर्ड, बर्कले आणि जिनिव्हाचे संशोधक विद्यार्थ्यांच्या डोक्यावर एक हेडसेट चढवतायत. तो पोलिसांचा नाही, दवाखान्याचाही नाही. इमोटिव्ह नावाच्या कंपनीचा, खेळणाऱ्यांसाठी विकला जाणारा, सुमारे ३०० डॉलरचा. बसा, इथे तुम्हाला बसता येईल. पडद्यावर चित्रं झपाझप येतात : आकडे, बँकांची कार्डं, चेहरे, नकाशे, महिन्यांची नावं. तुम्हाला काही बोलायचं नाही. ओळखीचं चित्र आलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी, पापणी लवावी एवढ्या वेळात, मेंदूत विजेची एक छोटी लाट उठते. तिला पी-३०० म्हणतात. ती तुम्हाला थोपवता येत नाही, जशी अंधारात कुणी नावाने हाक मारली की मान वळणं थोपवता येत नाही.

संशोधकांना त्या लाटांवरून माणसाची बँक, त्याच्या गुप्त आकड्यातला अंक, जन्माचा महिना यांचा अंदाज बांधायचा होता. यंत्राने मन वाचलं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नुसत्या अंदाजपंचे उत्तराच्या तुलनेत अनिश्चितता सरासरी १५ ते ४० टक्क्यांनी कमी झाली, एवढंच झालं. पण ते २०१२ साली, बाजारातल्या स्वस्त खेळण्यावर, कवटीच्या बाहेरून झालं. कवटीच्या आत, तुमच्या स्वतःच्या नातवाबरोबरच्या खेळात, समोर चित्रं कोणती येतात हे कोण ठरवणार?

आता होडीवाल्याला या खुर्चीत बसवून बघा. त्याच्यापुढे एकेक खडप दाखवा. तो हूं की चूं करणार नाही. पण जिथे वाट आहे तिथलं पाणी दिसलं, की त्याच्या डोक्यात लाट उठेल. एका दुपारी किल्ला खलास.

पुढची काही वर्षं मी तुम्हाला होडीतून किनारा दाखवावा तशी दाखवतो, उतरवत नाही. फेब्रुवारी २०२१ : डोक्यातली यंत्रं फोडण्याचा तो खेळ बनवणाऱ्या कंपनीतच चोर शिरले. सीडी प्रोजेक्टने स्वतः जाहीर केलं की तिच्या संगणकांवरची माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली गेली आहे. त्याच वर्षी जूनमध्ये, चोरलेली माहिती जाळ्यावर फिरतेय आणि तिच्यात कामगारांचे तपशीलही असू शकतात, असं तिने कळवलं. खेळाच्या दुनियेतला धोका ज्यांनी वर्षानुवर्षं बारकाईने रंगवला, त्यांचंही दार उघडं सापडलं. मला हे वाचून त्यांच्याबद्दल वाईटच वाटलं. जिथे चतुर माणसं काळजी घेऊनही फसतात, तिथे नुसती चतुराई पुरत नाही.

जानेवारी २०२४ : न्यूरालिंकची चिप पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत बसली. १०२४ इलेक्ट्रोड, केसाहून बारीक ६४ धाग्यांवर. तो तरुण पोहताना झालेल्या अपघातात खांद्यांखाली लुळा पडलेला होता. तो नुसत्या मनाने बुद्धिबळ खेळला आणि 'सिव्हिलायझेशन' हा खेळ त्याने रात्र जागून खेळला. त्याचा आनंद खरा होता. काही आठवड्यांत बरेचसे धागे मेंदूतून मागे सरकले. कंपनीने लहरी वाचायची पद्धतच संगणकातून बदलली, आणि यंत्र पुन्हा नीट चालू लागलं. हे चांगलंच झालं. पण बघून ठेवा : डोक्यातल्या यंत्राचा अर्थ लावायची रीत दूर बसलेला दुसरा कुणी बदलू शकतो.

डोक्यातल्या या यंत्रांबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण तुमचा हात थरथरतोय आणि तुमच्याकरता हा करमणुकीचा प्रश्न नाही. कंपवातासाठी मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया मुंबईत पंचवीसहून अधिक वर्षं होते आहे. मेंदूतून वायर कातडीखालून खाली येते, गळ्याच्या हाडाखाली बॅटरीची डबी असते, आणि विजेचा जोर किती ठेवायचा हे डॉक्टर बाहेरून, बिनतारी ठरवतात. ज्यांचा घास तोंडापर्यंत पोचत नव्हता ते यानंतर स्वतःच्या हाताने जेवलेत. मी त्या यंत्राच्या विरुद्ध एक अक्षर लिहिणार नाही.

प्रश्न त्या बिनतारी दाराचा आहे. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या छातीतल्या यंत्राची बिनतारी सोय त्यांच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये बंद करून घेतली, कुणी दुरून ते बिघडवील या भीतीने. मार्च २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने इशारा दिला, की मेडट्रॉनिकच्या हृदयासाठी बसवायच्या काही यंत्रांच्या बिनतारी बोलण्याला ना ओळखपरेड होती ना कुलूप. दार उघडं का राहतं, याचं कारण नेहमी निष्काळजीपणा नसतो. माणूस बेशुद्ध पडला आणि परक्या गावातल्या डॉक्टरला यंत्रात शिरायचं असेल, तर परवलीचा शब्द कोण सांगणार? कुलूप भक्कम केलं तर रोगी दारातच जातो. शिवाय कुलपालाही वीज लागते आणि बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया.

हिरोजींपुढे हाच पेच वेगळ्या रूपात होता. दार शत्रूला दिसू नये आणि आपल्या होडीला रात्रीही सापडावं. त्यांनी दाराचा विचार तटाबरोबर केला. तट उभा राहिल्यावर मग दार कुठे पाडायचं ते बघू, असं म्हणून सिंधुदुर्ग उभा राहिला नसता. डोक्यात बसवायच्या यंत्राचंही तेच. सुरक्षा हा नंतर चढवायचा मुलामा असेल तर ते यंत्र माणसात बसवायच्या लायकीचं नाही, असं माझं स्वच्छ मत आहे.

आता कायद्याकडे, आणि इथे तुमच्या कामाची गोष्ट आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्यातलं मोठं निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्याच्या कलम ६ मध्ये संमती कशी हवी ते लिहिलंय : स्वेच्छेची, नेमक्या कारणापुरती, समजून दिलेली, अटीशिवायची, निःसंदिग्ध. आणि दिलेली संमती जेवढ्या सहज दिली तेवढ्याच सहज परत घेता आली पाहिजे. कलम चांगलं आहे. पण मेंदूच्या लहरींसाठी या कायद्यात वेगळा शब्द नाही. बिस्किटांच्या दुकानाला दिलेला फोन नंबर आणि डोक्यात उठलेली लाट, दोन्ही एकाच मापात.

चिलीने ऑक्टोबर २०२१ मध्ये मेंदूच्या व्यवहाराचं आणि त्यातून निघणाऱ्या माहितीचं रक्षण थेट राज्यघटनेत लिहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरची मेंदूची माहिती पुसून टाकण्याचा हुकूम दिला. तो हुकूम ज्या कंपनीला दिला तिचं नाव इमोटिव्ह. तुम्ही २०१२ मध्ये ज्यांचा हेडसेट चढवलात, तीच.

एक शेवटचा मुक्काम उरलाय, आणि त्याचं साल मी सांगत नाही, कारण तो पुन्हा पुन्हा येतो. आचरा, मालवण तालुका. दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल होतो आणि गाव पळतं. गावपळण. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर, झोपड्या घालून. तुम्ही रिकाम्या रस्त्याने चालता. घरांची दारं लोटलेली, चुली थंड, बाजारात चिटपाखरू नाही. वेशीपलीकडून मात्र पोरांचा आरडाओरडा आणि माशाच्या कालवणाचा वास येतोय.

कुणी याला श्रद्धा म्हणतं, कुणी आणखी काही. मला त्यात दिसतं ते असं : ज्या गावात पिढ्या राहिल्या, तेही उठून सोडता येतं, हे त्या गावाने अंगवळणी ठेवलंय. परत यायचं तेही देवाला विचारून. चौथ्या दिवशी कौल लावतात. तो झाला नाही तर मुक्काम वाढतो. आत जाताना विचारणं, बाहेर पडताना विचारणं, परत येताना पुन्हा विचारणं.

डोक्यातल्या यंत्राला गावपळण आहे का? आर्गस २ नावाचं कृत्रिम दृष्टीचं यंत्र जगभरात ३५० हून अधिक अंध माणसांच्या डोळ्यांत बसवलं गेलं. सेकंड साइट या कंपनीने २०१९ मध्ये ते बनवणं थांबवलं, नंतर ती डबघाईला आली, आणि ज्यांच्या डोळ्यांत यंत्र होतं त्यांना दुरुस्तीसाठी दार उरलं नाही. गाव त्यांना सोडून गेलं. काढून टाकायचं तर शस्त्रक्रिया, ठेवायचं तर मेलेलं यंत्र डोळ्यात.

परत या. २०७७. हात मांडीवर थरथरतोय, बोट हिरव्या चौकटीपासून चार अंगुळं दूर आहे.

तुम्ही या किनाऱ्यावर वाढलात. देवळातलं गाऱ्हाणं तुम्हाला पाठ आहे. गावकर देवापुढे उभा राहून एकेक मागणी बोलतो आणि प्रत्येक मागणीनंतर थांबतो. जमलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा." मग पुढची मागणी. सगळी एकदम बोलून शेवटी एकच 'व्हय' कुणी घेत नाही. न कळणाऱ्या भाषेत बोलत नाही. आणि ते सगळ्यांच्या कानांदेखत होतं. संमती घ्यायची याहून नेटकी रीत मला कुठल्या करारात दिसलेली नाही.

तुम्ही बोट मागे घेता. "डॉक्टर, माका चिप होयी. हात थांबूक होयो. पण ह्या एकदम नको. एकेक करून विचारा."

डॉक्टर क्षणभर गोंधळते. मग खुर्ची पुढे ओढते.

"कंप थांबवायला?"

"व्हय."

"झोपेची नोंद कंपनीकडे पाठवायला?"

"नको."

"खेळात तुमच्या लहरी साठवायला?"

"नको. कधीच नको."

"बेशुद्ध पडलात तर दुसऱ्या डॉक्टरला आत शिरायला?"

तुम्ही मुलीकडे बघता. "हिका विचारून."

"कंपनी बंद पडली तर?"

ही ओळ करारात नसते. डॉक्टर ती स्वतःहून विचारते, आणि उत्तर तिच्याकडेही नसतं. ते लिहून घेतल्याशिवाय तुम्ही खुर्चीतून उठत नाही.

खेळ इथे संपतो, पण तुम्ही २०७७ मध्ये नाही आहात. तुमच्या मनगटावरचं घड्याळ आत्ता नाडी मोजत असेल, आणि येत्या दिवाळीत घरातलं पोर खेळायचा हेडसेट मागेल. २०२३ च्या त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेत आणि संमतीची मुख्य कलमं मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. त्या महिन्यात एक काम करा. तुमच्या फोनमधल्या एखाद्या खेळाला दिलेली एक परवानगी काढून घ्या. द्यायला किती वेळ लागला होता आणि काढायला किती लागतो, ते घड्याळ लावून मोजा. काढायला जास्त लागला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि तिने दाद दिली नाही तर माहिती संरक्षण मंडळाकडे जा. मराठीत लिहा.